आहेराच्या साड्या

माझ्याकडे एकशे बारा साड्या होत्या आणि त्यांतली एकही मी विकत घेतलेली नव्हती.

सेनगाव तालुक्यात मी आरोग्य सेविका म्हणून तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी साखरा गावाच्या आसपासच्या खेड्यांमध्ये गेली. लोक मला सिस्टरबाई म्हणत. बाळंतपण सुखरूप झालं की बाराव्या दिवशी, लेकराला पाळण्यात घालताना, सिस्टरबाईला बोलावणं यायचं आणि निघताना हातावर साडी ठेवली जायची. मुलगा झाला असेल तर काठपदराची, मुलगी झाली असेल तर साधी, हे ठरलेलं. मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ओटी भरायची वेळ आली की बायका क्षणभर घुटमळायच्या, कुंकवाचा करंडा बाजूला सरकवायच्या आणि नुसती साडी द्यायच्या. मला त्यांचं ते घुटमळणं आवडायचं. माझ्याबद्दल कुणीतरी दोन घटका विचार केलाय, असं वाटायचं.

नोकरीवर मी पांढरी सुती साडी नेसायचे आणि घरी गाऊन घालायचे. आहेराच्या साड्या नेसायला प्रसंगच यायचा नाही. कपाटात घडीवर घडी चढत गेली, एका कपाटाची दोन कपाटं झाली. प्रत्येक साडीत मी एक चिठ्ठी ठेवत असे. गाव कोणतं, सून कुणाची, मुलगा की मुलगी, काही अवघड होतं का. 'हौदाजवळचं घर, थोरली सून, मुलगी, पायाळू.' 'शाळेमागं, जुळे, दुसरा उशिरा रडला.' वर्षातून दोनदा सगळ्या साड्या उन्हात घालायच्या, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि पुन्हा आत ठेवायच्या. मी नोकरीत असतानाच माझे मालक वारले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मी निवृत्त झाले. सेनगावच्या दोन खोल्यांत मी आणि ती दोन कपाटं राहिलो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट कुणी घरी आलं की मी कपाट उघडून दाखवत असे.

आमची ख्रिस्ती घरं या जिल्ह्यात थोडी. हिंगोलीत एकाच्या घराच्या माडीवर दर रविवारी उपासना होते, तीस-पस्तीस माणसं जमतात. मी सकाळच्या एसटीने जाते आणि दुपारी परत येते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही उपवासकाळ पाळतो. कुणी मटण सोडतं, कुणी एक वेळचं जेवण. मी दरवर्षी चहातली साखर सोडायचे. चाळीस दिवस फिका चहा प्यायचा आणि ईस्टरच्या दिवशी तीन चमचे साखर घालून सगळं वसूल करायचं, असा माझा उपवास.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे पाळक आले. तरुण होते, मोटरसायकलवर यायचे, उपदेश थोडक्यात करायचे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "तोंडाचा उपवास आपल्याला सवयीचा झालाय. यंदा कपाटाचा उपवास करू. रोज एक वस्तू घराबाहेर गेली पाहिजे. मोडकी द्यायची नाही, फाटकी द्यायची नाही. देताना हात मागे ओढला गेला की समजा, बरोबर वस्तू निवडली."

लोक हसले. मी हसले नाही. परत येताना एसटीत मी हिशेब लावला: चाळीस दिवस, चाळीस साड्या. उरतील बहात्तर. मला ते सोपं वाटलं. तीस वर्षं मी लसीकरणाची मोहीम राबवलेली बाई. गावं वाटून, याद्या करून काम संपवायची मला सवय. हीही एक मोहीमच, असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी मी एक पोपटी साडी काढली आणि मागच्या घरी गेले. मागे राहते ती बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बौद्ध कुटुंब. नवरा बायको दोघं दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला, तुरीच्या शेंगा तोडायला. माझं सिलिंडर संपलं की तीच लावून देते, तिच्या नातीचं अंग गरम झालं की ती माझ्याकडे आणते. आमचं येणं-जाणं रोजचं. ती ओट्यावर बसून दात घासत होती. मी साडी तिच्या पुढे धरली.

"हे काय?" तिनं चूळ भरून विचारलं.

"साडी. तुझ्यासाठी."

"काहून देऊन राहिल्या?"

"अगं, माझ्याकडं लई हायत. नुसत्या पडून हायत."

तिनं साडीकडे पाहिलं, हात लावला नाही. "पडून हायत म्हणून मला?"

"तसं नाही गं. नवी आहे. एकदासुद्धा नेसलेली नाही."

"सिस्टरबाई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "माझ्या सासूनं निम्मी जिंदगी लोकाईची उतरलेली लुगडी नेसली. मंग एक दिवस तिनं सगळ्याईच्या संगं शपथ घेतली, उतरलेलं नेसणार न्हाई अन् शिळं खाणार न्हाई. मरेपर्यंत पाळली. ती गेली, आता ती शपथ माझ्याकडं हाय."

"पण ही उतरलेली नाहीच ना."

"तुमच्या कपाटातून तर उतरली?"

मी साडी काखेत मारली आणि घरी आले. खरं सांगते, मी चिडले होते. दानाला नाही म्हणतात म्हणजे काय! चहा करून घेतला आणि तो पिताना मनातल्या मनात तिच्याशी भांडले. भांडता भांडता तिचा एक एक शब्द पुन्हा आठवला आणि माझीच बाजू लंगडी पडत गेली. मी तिला साडी दिलीच नव्हती. मला अडगळ कमी करायची होती, आणि त्याला मी उपवास म्हणत होते.

दोन दिवसांनी गल्लीत भांडीवाली आली, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. मला वाटलं, ठीक आहे, हिला देऊन टाकू. तिनं तीन साड्या चाचपून पाहिल्या आणि झाकणाचं मोठं पातेलं पुढे केलं. मी पातेलं हातात घेऊन वाजवूनही पाहिलं. छान जाड बुडाचं होतं. मग माझ्या लक्षात आलं की साडी जाणार आणि पातेलं येणार, कपाटातली जागा रिकामी होणार आणि मांडणीवरची भरणार. मी स्वतःशीच हसले आणि तिला चहा पाजून लावून दिलं. उपवासाचे चार दिवस असे गेले आणि साडी एकही गेली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मी कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले आणि प्रार्थना केली. प्रार्थना अगदी साधी होती. प्रभू, हे माझ्याच्यानं होत नाहीये, कुठून सुरुवात करू ते सांग. मग हाताला आली ती साडी काढली आणि तिच्यातली चिठ्ठी वाचली. 'हौदाजवळचं घर, थोरली सून, मुलगी, पायाळू.'

ती साडी म्हणजे माझा अभिमान होता. नारायणपेठ, वांगी रंगाची, पिवळे काठ. मुलगी झाली असूनही त्या घरानं मला नारायणपेठ दिली, हे मी शंभर वेळा लोकांना सांगितलं होतं. आमच्या मीटिंगमध्येसुद्धा सांगितलं होतं की बघा, अशीही घरं असतात. ती मुलगी आता चोवीस वर्षांची असणार. मला एकदम वाटलं, ही साडी जिच्या जन्माची आहे तिलाच द्यावी. ती उतरलेली साडी होणार नाही, ती तिचीच होईल.

लगेच दुसरा विचार आला. आहेर परत करणं वाईट. आपल्याकडे आहेर परत आला म्हणजे संबंध तुटला. मी ठरवलं, परत करायला आले असं म्हणायचंच नाही. माझ्याकडून लेकीला आहेर, असं म्हणायचं. त्या साडीवर हात ठेवून मी त्या मुलीसाठी प्रार्थना केली, पिशवीत साडी घातली आणि साखऱ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले.

हौदाजवळचं घर सापडायला वेळ लागला नाही. घरावर आता स्लॅबचं छत होतं, अंगणात ट्रॅक्टर उभा होता. थोरली सून आता पन्नाशीची झाली होती. मला पाहून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"सिस्टरबाई! वळखलंच न्हाई आधी. पांढऱ्या साडीबिगर कधी पाह्यलंच न्हाई तुमाला."

तिची मुलगी आतून आली. उंच, चष्मा लावलेली. हिंगोलीला कॉलेज करून आता पोलीस भरतीची तयारी करत होती. मी तिला म्हणाले, "तू उलटी आली होतीस, पाय आधी. तुझे हे पाय मी तुझ्या आईच्याही आधी पाहिलेत."

"त्याच पायानं आता आठशे मीटर पळते," ती म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो.

मी पिशवीतून साडी काढली. "तू झालीस तेव्हा मी तुला काही दिलं नव्हतं. हा माझ्याकडून तुला आहेर."

मुलीनं हात पुढे केला, पण तिच्या आईनं साडी मध्येच घेतली. उलगडून पदर पाहिला. काठावरून बोट फिरवलं. मग ती जमिनीवर बसली.

"ही माही साडी हाय," ती म्हणाली.

"हो, तुमच्याच घरून मिळाली होती."

"घरून न्हाई. माही. माझ्या भावानं लग्नात दिलेली. दोनदा नेसली होती फक्त." ती साडीकडेच बघत बोलत होती. "बारशाच्या दिवशी सासूबाई म्हणल्या, पाव्हणे बघून राहिले, सिस्टरबाईला हलकी साडी कशी देता. आत गेल्या, माझी पेटी उघडली अन् वरची उचलली. दुसऱ्याच्या पेटीतली द्यायला काय जातंय? मी बाजंवर पडलेली. काही बोलता येईना. तुमी गेल्यावर लई रडले मी."

मी उभीच होते. चोवीस वर्षं मी त्या साडीला ऊन दाखवत होते, गोळ्या बदलत होते आणि लोकांना गोष्ट सांगत होते. त्या गोष्टीतलं एक अक्षर खरं नव्हतं. त्या घरानं मुलीचा मान केला नव्हता, एका ओल्या बाळंतिणीची पेटी उघडली होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुमाला कसं माहीत होईल? तुमी कशाला मनाला लावून घेता?" ती उठली. साडी तिनं नाकाशी धरली, शिंक आली तशी हसली. "किती गोळ्या घातल्या हो ह्यात! भाऊ गेला माझा मागल्या साली. त्याच्या हातची एवढीच राह्यली आता."

तिनं मला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. निघताना मुलगी मला जीपपर्यंत सोडायला आली. "आईला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

जीपमध्ये मी रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला अपराधी वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटत होतं. अनेक दिवस दुखणारा दात काढल्यावर जसं वाटतं तसं. माझ्या कपाटात काय आहे ते मला आता कळलं होतं. तिथे कापड नव्हतंच. तिथे मी किती चांगली होते याचे एकशे बारा पुरावे होते, आणि मी ते प्रभूपुढे मांडायला जपून ठेवले होते. त्याला ते नको होते. ज्यानं ती लेकरं आईच्या पोटात घडवली त्याला माझ्या चिठ्ठ्या वाचायची गरज नव्हती.

त्यानंतर मात्र मी थांबले नाही. रोज सकाळी एक साडी काढायची, चिठ्ठी वाचायची, त्या लेकरासाठी आणि त्याच्या आईसाठी प्रार्थना करायची आणि निघायचं. एसटी मिळाली तर एसटी, नाही तर जीप. उन्हाळा लागला होता, शक्यतो सकाळी अकराच्या आत परतायला लागायचं. काही घरं बंद सापडली, पोरं पुण्याला कंपनीत, म्हातारी माणसं गेलेली. तिथे शेजारी चौकशी करून पुढचा पत्ता मिळवायचा. जुळ्यांतला उशिरा रडलेला पोरगा मला मोबाईलच्या दुकानात सापडला. तो म्हणाला, "मी साडीचं काय करू, सिस्टर?" मी म्हणाले, "लग्न ठरलं की बायकोला दे." तो लाजला आणि साडी गल्ल्याखाली ठेवली. एका मुलीनं माझ्यासमोरच शिंपिणीला फोन लावला आणि साडीचे दोन ड्रेस होतील का विचारलं. मला साडी परत घ्यावीशी वाटली. पाळकांचे शब्द आठवले, आणि मी तिला म्हणाले, "काठ बाह्यांना लाव, छान दिसतील."

एका घरी मी मोठ्या आनंदानं गेले आणि कळलं की ती मुलगी नवव्या वर्षीच साप चावून गेली. मला निरोप कुणी दिला नव्हता, देणार तरी कोण? मी परत फिरू लागले तर तिच्या आईनं मला हाताला धरून बसवलं. तिनं साडी घेतली. ती म्हणाली, "तिला या जगात आणलेलं माणूस आज घरी आलं, अन् तुमी म्हणता, जाते." आम्ही दुपारभर त्या मुलीबद्दल बोललो. ती झाडावर कशी चढायची, शाळेत कशी भांडायची. मी विचारलं, प्रार्थना करू का? ती म्हणाली, "करा की. तुमच्या देवाला सांगा, तिला चिंच लई आवडायची." मी तसंच सांगितलं.

मागच्या घरची बाई हे सगळं पाहत होती. रोज सकाळी मी पिशवी घेऊन निघाले की विचारायची, "आज कुणाचं बारसं?" मी सांगायचे. ती मान हलवायची. उपवासाचे पंचवीस-एक दिवस झाले असतील, तेव्हा ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाली, "सिस्टरबाई, मी मागायला आले."

"माग की."

"येत्या पौर्णिमेला आमच्या विहारात कार्यक्रम हाय. सगळ्या बायांनी पांढऱ्या साड्या नेसायचं ठरलंय. चार बायांकडं न्हाईत. तुमच्या नोकरीच्या पांढऱ्या साड्या हायत ना? त्या द्या."

"त्या नाही," मी म्हणाले. विचार करायच्या आतच तोंडातून निघून गेलं.

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा जराही उतरला नाही. "मागायचं माझ्याकडं, न्हाई म्हणायचं तुमच्याकडं." आणि ती गेली.

त्या पाच साड्या मी एकशे बारात धरल्याच नव्हत्या. त्या वेगळ्या, ट्रंकेत, इस्त्री करून ठेवलेल्या होत्या. त्यांची चिठ्ठी नव्हती, कारण त्या माझ्या स्वतःच्या होत्या. आहेर देताना मी मोठ्या मनाची झाले होते, पण ट्रंकेला हात लागताच माझा हात मागे ओढला गेला. दुसऱ्या दिवशी मी त्यातली एक साडी काढून नेसले. आरशात पाहिलं. आरशात सिस्टरबाई उभी होती. तिला रजा नव्हती, तिला संध्याकाळ नव्हती, तिला बघून लोक बाकावर जागा करून द्यायचे. माझ्या लक्षात आलं, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी तिला जाऊ दिलं नव्हतं. मला भीती होती की ती गेली तर मागे एक सामान्य म्हातारी उरेल, गुडघे दुखणारी.

मग मी विचार केला, उरली तर उरली. येशूनं बोलावलं ते काही गणवेशाला बोलावलं नव्हतं.

मी पाचही साड्या पुन्हा धुतल्या, पेजेच्या पाण्यातून काढल्या, कडक इस्त्री केली. संध्याकाळी मागच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. मी विचारलं, "एक सांग. नवी कोरी साडी दिली तर नको म्हणालीस. ह्या तर मी झिजेपर्यंत नेसल्यात. ह्या कशा चालतात तुला?"

तिनं परातीतला हात थांबवला. "ती तुमाला नको होती म्हणून देत होत्या. ही मला पाह्यजे म्हणून मागितली. अन् ह्याच्यात तुमी काम केलंय, सिस्टरबाई. माझ्या दोन्ही लेकी ह्याच साडीतल्या बाईच्या हातावर झाल्या."

"चार मागितल्या होत्यास. मी पाच आणल्यात."

"पाचवी मी नेसते," ती म्हणाली. "माझी पिवळी पडलीय."

पौर्णिमेला तिनं मला बोलावलं, मी गेले. मागच्या रांगेत बसले. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत ओळीनं बसल्या होत्या आणि त्यातल्या माझ्या पाच कोणत्या हे मला लांबून ओळखता येईना. मी खूप प्रयत्न केला. मग सोडून दिलं आणि त्यांची वंदना ऐकत बसले. जवळ बसलेल्या म्हातारीनं मला खीर वाढली. मी ती साखरेसकट खाल्ली. चहाचा उपवास मी त्या वर्षी केलाच नव्हता.

सगळंच नीट झालं असं नाही. ईस्टरला मुलगी पुण्याहून आली आणि कपाट उघडून उभी राहिली. तिला निळी इरकल हवी होती. "लहानपणी मी ती अंगावर घेऊन आरशासमोर उभी राहायचे," ती म्हणाली.

"तू कधी मागितली नाहीस."

"आईकडे मागायचं असतं का?"

निळी इरकल एका वाडीवरच्या शिक्षिकेला जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी मुलीची माफी मागितली. ती दोन दिवस गप्प होती, मग बोलायला लागली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मी साऱ्या तालुक्याच्या लेकींच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि घरातली लेक माझ्या यादीत नव्हती. देण्याच्या भरात जवळचं माणूस नजरेआड होतं, ही गोष्ट मी त्या वर्षी शिकले. तेव्हापासून काहीही बाहेर जायच्या आधी तिला फोन करते. बहुतेक वेळा ती म्हणते, "दे गं आई." एकदा ती म्हणाली, "थांब, ती मला ठेव," आणि मी ठेवली.

ईस्टरनंतरही मी थांबले नाही, कारण चाळीस दिवसांत अर्ध्याही साड्या गेल्या नव्हत्या. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे झाले तेव्हा खंड पडला, सोयाबीन निघाल्यावर पुन्हा सुरू केलं. एक कपाट आमच्या उपासनेच्या माडीवर गेलं, गीतांची पुस्तकं ठेवायला. दोन साड्या मी स्वतःसाठी ठेवल्या आणि आता नेसते. एक केशरी, एक हिरवी. पहिल्यांदा केशरी नेसून मी उपासनेला गेले तेव्हा पाळकांनी मला दारात ओळखलं नाही. "मावशी, तुम्ही?" ते म्हणाले. मी म्हणाले, "कपाटाचा उपवास सांगितला होतात ना, पाळकसाहेब. आतली बाई बाहेर आली."

शेवटची साडी गेल्या थंडीत दिली. तिच्या चिठ्ठीवरचं कुटुंब साखऱ्याकडून उठून सिद्धेश्वरला, धरणाकाठी राहायला गेलं होतं. ती मुलगी आता नवऱ्याबरोबर मासे विकते. दोन गाड्या बदलून मी पोहोचले. तिला माझी काहीच आठवण नव्हती, असणार कशी? पण तिनं आईला फोन लावला, आणि आई फोनवर इतकं बोलली की मुलगी हसत हसत फोन माझ्याच कानाला लावून कामाला लागली.

साडी तिला आवडली. निघताना तिनं पाटीतून एक चांगला दीड-दोन किलोचा कटला काढला, साफ केला, पिशवीत बांधला आणि माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "नको गं, मी एकटी बाई, कुठं एवढं खाणार."

"खाता येईल तेवढं खा. न्हाई कसं म्हणता?" ती म्हणाली. "रिकाम्या हातानं धाडलं तर माय मला शिव्या देईल."

मी मासा घेतला. एसटीत वास सुटला. कंडक्टरनं नाक मुरडलं, मग विचारलं, "सिद्धेश्वरचा का? कितीचा?" मी म्हणाले, "आहेरात मिळालाय." त्याला काही समजलं नाही, पण त्यानं मला खिडकीजवळची जागा दिली.

घरी आल्यावर मी मोठ्या पातेल्यात कालवण केलं, सगळा मासा घालून. दोन्ही बाजूंच्या घरांतून ताटल्या घेऊन माणसं आली आणि तासाभरात पातेलं रिकामं झालं. तिखट जरा जास्त पडलं होतं, पण मासा गोड होता.